कापशाला हवा जोडीदार!

राधानगरीचा पाऊस तुम्ही कधी अनुभवलाय? आमच्याकडे पाऊस पडत नाही, तो मुक्कामाला येतो! एकदा का झड लागली, की दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. भोगावती दुथडी भरून वाहते आणि धरण भरलं, की त्याचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात.

समजा, अशाच एका पावसाळी दिवशी तुम्ही शाळेत गेला आहात. बाबा कामावर आणि आई घरकामात. आणि सोप्यातल्या पेटीत बसलाय तुमचा पांढराशुभ्र ससा. आपण त्याला कापशा म्हणू. कापशा जाळीची तार कुरतडतो. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातो. पुन्हा तार कुरतडतो. मग नुसताच बसून राहतो. संध्याकाळी तुम्ही दप्तर टाकून धावत येता, त्याला कोथिंबिरीची काडी देता, आणि एकदम तुमच्या मनात येतं, “दिवसभर हा एकटा काय करत असेल?”

मग घरात भुणभुण सुरू होते. “आई, कापशाला करमत नाही गं. आपण आणखी एक ससा आणू या ना!”

दोस्तांनो, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे बरं का! पण दुसरा ससा आणणं म्हणजे दुकानातून दुसरी पेन्सिल आणणं नव्हे. घाईनं आणलेली जोडी कधी कधी पहिल्याच रात्री रक्तबंबाळ होते. म्हणून आधी चार गोष्टी नीट समजून घेऊ या. आईबाबांनाही शेजारी बसवा. हा लेख त्यांच्यासाठीही आहे.

सशाला सोबत का लागते?

आपण पाळतो त्या सशाचं मूळ घर आहे युरोपात, स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत. तिथले रानससे जमिनीत बिळं खणतात. एका बिळाला दुसरं बीळ जोडलेलं, दुसऱ्याला तिसरं. जणू जमिनीखालची चाळच! त्या चाळीत अनेक ससे एकत्र राहतात. एकजण चरताना दुसरा कान टवकारून असतो. धोका दिसला, की तो मागचा पाय जमिनीवर धप्पकन आपटतो. झालं, सगळे बिळात पसार!

कापशाचे पणजोबा-खापरपणजोबा असे घोळक्यात राहिलेले. पिंजऱ्यात आला म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. त्याला कुणीतरी कान चाटून द्यावे लागतात, कुणाच्या तरी अंगाला अंग लावून झोपावंसं वाटतं. तुम्ही त्याचे कितीही लाड करा, सशाची भाषा तुम्हांला थोडीच येते?

एकटा कंटाळलेला ससा ओळखायचा कसा? तो तार चावत बसतो, स्वतःचेच केस ओढतो, खूप खाऊन सुस्तावतो, नाहीतर उगीच चावायला येतो. पण थांबा! हीच लक्षणं पेटी लहान असली, फिरायला मिळत नसलं, किंवा दात दुखत असले तरीही दिसतात. म्हणून आधी जागा आणि तब्येत तपासा. रोज तीन-चार तास त्याला मोकळं फिरू द्या. तेवढ्यानंही तो उड्या मारू लागला, तर निम्मं काम झालं म्हणायचं. खाणं मात्र एकदम बंद झालं, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

फडातलं पिल्लू? मुळीच नको!

दिवाळीच्या सुमाराला आपल्या भागात ऊसतोड सुरू होते. फड तोडता तोडता एखादं पिल्लू सापडतं. मग शेजारचे काका हाक मारतात, “आरं पोरा, फडात सशाचं पिल्लू घावलंय बघ! घेऊन जा की तुझ्या कापशाला जोडीला!”

काकांचा हेतू चांगलाच असतो. पण इथंच मोठी चूक होते. फडातला ससा आणि पेटीतला ससा हे एकाच जातीचे प्राणी नव्हेत!

आपल्या रानातल्या सशाला प्राणिशास्त्रात ‘काळ्या मानेचा ससा’ म्हणतात. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा असतो. दाजीपूरच्या जंगलात, राधानगरी अभयारण्यात, माळावर, शेताच्या बांधावर तो राहतो. हे अभयारण्य १९५८ साली गव्यांसाठी राखलं गेलं आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारसा म्हणून मान्य झालं, हे तुम्हांला ठाऊक असेलच. गवे कळपानं फिरतात. पण हा आपला रानससा? तो एकांडा शिलेदार! तो बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून त्यात दबून बसतो आणि संकट आलं, की वाऱ्यासारखा पळतो.

दोघांच्या पिल्लांतही किती फरक पाहा. पाळीव सशाचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर केस नसतात, डोळेही मिटलेले असतात. रानसशाचं पिल्लू मात्र जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे! दोघांच्या पेशींमधल्या गुणसूत्रांची संख्याही वेगळी. पाळीव सशाची ४४, तर रानसशाची ४८. म्हणजे या दोघांची जोडी जमणं शक्यच नाही. रानातलं पिल्लू पेटीत ठेवलं, तर ते भीतीनं अन्नपाणी सोडतं आणि बहुतेक वेळा थोड्याच दिवसांत मरतं. ‘ससेहोलपट’ हा शब्द मराठीत कुठून आला, ते तेव्हा कळतं.

आणखी एक गोष्ट. रानससा पकडणं आणि पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

मग फडात पिल्लू दिसलं तर काय करायचं? आधी हे लक्षात घ्या, की ते अनाथ नसतं. त्याची आई मुद्दामच दिवसभर दूर राहते. ती जवळ असली, तर तिच्या वासावर कोल्हा, मुंगूस येईल ना! अंधार पडू लागला, की ती येते, पिल्लाला दूध पाजते आणि पुन्हा निघून जाते. म्हणून पिल्लाला हात न लावता तिथंच राहू द्या. तोड चालू असेल, तर मोठ्या माणसाकडून ते अलगद उचलून जवळच्याच बांधावर गवतात ठेवा. माणसाचा हात लागला, की आई पिल्लाला टाकून देते, असं म्हणतात. तसं काही नसतं. पिल्लू जखमी असेल, तर मात्र वनखात्याच्या माणसांना कळवा.

आणि गिनीपिग?

“बरं, मग गिनीपिग आणू? दोघंही गवतच खातात!” असंही काहींना सुचतं. तेही नको. ससा मागच्या पायानं लाथ मारतो, आणि ती लाथ गिनीपिगला जड जाते. गिनीपिगला आहारातून क जीवनसत्त्व मिळावंच लागतं, सशाच्या शरीरात ते आपोआप तयार होतं. सशाच्या अंगात गुपचूप राहणारे काही जंतू गिनीपिगला आजारी पाडतात. शिवाय दोघांची भाषा निराळी. एकाला मराठी येतं आणि दुसऱ्याला जपानी, अशा दोघांना एका खोलीत कोंडल्यासारखं ते होईल. सशाला सोबत सशाचीच!

नर की मादी? आधी गणित सोडवा

आता खरा प्रश्न. वही-पेन्सिल घ्या पाहू.

सशाची मादी साधारण ३१ दिवसांत पिल्लं देते. एका वेळी समजा सहा. आणि गंमत म्हणजे पिल्लं झाल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते! मग वर्षात किती वेळा? ३६५ ला ३१ नं भागा. अकरा. अकरा गुणिले सहा किती? सहासष्ट! शिवाय पहिली पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली, की तीही पिल्लं द्यायला तयार. हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात एवढी होत नाहीत. पण त्याच्या चौथाई झाली, तरी ठेवणार कुठं?

हे गणित एका अख्ख्या देशाला चुकलं होतं. १८५९ साली टॉमस ऑस्टिन नावाच्या गृहस्थानं शिकारीची हौस म्हणून इंग्लंडहून आणवलेले सुमारे दोन डझन ससे ऑस्ट्रेलियात सोडले. पुढच्या काही दशकांत त्या सशांनी खंडाचा मोठा भाग व्यापला, पिकं आणि कुरणं फस्त केली. त्यांना अडवायला १९०१ ते १९०७ या काळात ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात हजारो किलोमीटर लांबीची कुंपणं घातली गेली. तरी ससे पलीकडे पोचलेच! आणि नवल असं, की ज्या स्पेन-पोर्तुगालमधून हे ससे जगभर गेले, तिथल्या रानात आता त्यांचीच संख्या घटते आहे.

मग जोडी निवडायची कशी?

नर आणि मादी – ही जोडी सगळ्यांत चांगली जमते. मात्र पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते ऑपरेशन, म्हणजे नसबंदी, आधी झालेली हवी. नराचं ऑपरेशन साधारण चार महिन्यांनंतर, मादीचं साधारण सहा महिन्यांनंतर करतात. ऑपरेशन झाल्यावरही नराला सहा आठवडे मादीपासून दूरच ठेवायचं. तेवढे दिवस त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात. मादीचं ऑपरेशन केल्याचा आणखी एक फायदा आहे. वय वाढल्यावर माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग होण्याची भीती फार असते, ती टळते.

मादी आणि मादी – एकाच आईच्या दोन बहिणी लहानपणापासून एकत्र असतील, तर बहुधा जमतं. पण वयात आल्यावर त्याही भांडू शकतात.

नर आणि नर – लहानपणी गळ्यात गळे, मोठेपणी हाणामारी! ऑपरेशन न झालेले दोन मोठे नर एका पेटीत कधीच ठेवू नका.

आईबाबांसाठी एक सूचना. सशाला भूल देणं नाजूक काम आहे. आधी सशांची ऑपरेशनं केलेला डॉक्टर पाहा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, ते पुढचा पत्ता सांगतील. कोल्हापूरहून पुण्याला जाताना वाटेत शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही विचारता येईल. आणि हो, माणसाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात, तसं सशाला ठेवायचं नसतं. त्याला उलटी होऊच शकत नाही, उलट पोट रिकामं राहिलं तर आतड्याचं काम थांबतं. ऑपरेशन शक्य नसेल, तर नर-मादी एकत्र ठेवायचा विचार सोडून द्या.

निवडताना काय पाहाल?

बाजारात टोपलीभर पिल्लं असतात. सगळी गोंडस! पण तुम्ही रंगावर जाऊ नका. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू घेऊ नका, त्याला अजून आईची गरज असते. “जोडी आहे, न्या बिनधास्त!” असं विकणारा म्हणाला, तरी विश्वास ठेवू नका. लहान पिल्लांत नर कुठला आणि मादी कुठली, हे ओळखताना जाणकारसुद्धा चुकतात. डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

मग असं तपासा : डोळे स्वच्छ आणि चमकदार हवेत. नाक कोरडं हवं. पुढच्या पायांची आतली बाजू पाहा. तिथले केस चिकट झालेले असतील, तर समजा, पिल्लू शिंकतंय आणि पायानं नाक पुसतंय. कानांत खपली नको. वरचे-खालचे पुढचे दात नीट जुळायला हवेत. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते जुळले नाहीत तर झिजत नाहीत आणि मग खाणंच अवघड होतं. शेपटीखालची जागा कोरडी हवी आणि लेंड्या गोल, सुट्या हव्यात.

उचलताना कान धरून कधीही उचलू नका! एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. ससा घाबरून जोरात लाथ झाडतो तेव्हा त्याच्या स्वतःच्याच पाठीचा कणा मोडू शकतो.

याहून चांगला मार्ग म्हणजे कुणाच्या तरी घरी नको झालेला मोठा ससा. त्याचा स्वभाव कळलेला असतो, नर-मादी नक्की असते. शक्य असेल तर कापशाला तिथं नेऊन, दोघांना जाळीच्या दोन बाजूंना बसवून पाहा. कारण मुलांनो, जोडीदार तुमच्यासाठी नाही, कापशासाठी आणायचा आहे. तेव्हा पसंतीही त्याचीच!

ओळख हळूहळू

नवा पाहुणा घरी आला. आता तुम्हांला घाई झाली असेल! पण त्याला लगेच कापशाच्या पेटीत ठेवलंत, तर घात होईल. ससा आपल्या हनुवटीखालच्या ग्रंथींचा वास प्रत्येक वस्तूला घासून ठेवतो. ‘हे माझं’ अशी ती पाटीच असते. अशा घरात परका शिरला, की कापशा त्याला चोर समजणार.

पहिले दोन आठवडे : पाहुणा वेगळ्या खोलीत. त्याला काही आजार असेल, तर एवढ्या दिवसांत कळतो. त्याला हात लावलात, की साबणानं हात धुवून मगच कापशाकडे जा.

नंतरचा आठवडा : दोन पेट्या शेजारी, पण मध्ये वीतभर अंतर. नाहीतर जाळीतून नाकाला चावे! रोज एकाचं अंथरूण दुसऱ्याच्या पेटीत टाका. दोघांना एकाच वेळी, जाळीजवळ खायला द्या. ‘हा वास आला, की मेथी मिळते’ हे डोक्यात बसलं पाहिजे.

मग समोरासमोर भेट : अशी जागा निवडा, जिथं कापशा पूर्वी कधी गेलाच नाही. न्हाणीघर, माळा, शेजाऱ्यांचा सोपा, कोणतीही चालेल. खाली पोतं अंथरा, पाय घसरायला नको. पहिल्या दिवशी फक्त दहा मिनिटं. जवळ एखादं मोठं माणूस हवंच. हातात जाड टॉवेल किंवा पुठ्ठा ठेवा. भांडण लागलं, तर तो मध्ये घाला. उघडा हात मध्ये घालू नका, सशाचे दात फार लागतात!

एकमेकांकडे दुर्लक्ष करून खात बसले, तर उत्तम. एकानं मान खाली घातली आणि दुसऱ्यानं ती चाटली, तर फारच छान! थोडा पाठलाग, पाठीवर चढणं, चार केस उपटणं, एवढं चालायचंच. मोठा कोण, हे ते ठरवत असतात. पण कान मागे, शेपटी ताठ करून एक दुसऱ्यावर झेपावला किंवा दोघं गोल गोल भिरभिरू लागले, की लगेच वेगळे करा. भेट नेहमी सारं ठीक असतानाच संपवा. रोज थोडी थोडी वेळ वाढवा.

हे किती दिवस चालतं? कधी चार दिवस, कधी चार महिने. दोघं तुमच्यासमोर काही दिवस शांतपणे एकत्र राहिले, अंगाला अंग लावून झोपू लागले, तरच रात्री एकत्र ठेवा. आणि एकदा जोडी जमली, की ती मोडू नका. एकाला दवाखान्यात न्यायचं असेल, तर दुसऱ्यालाही सोबत न्या. नाहीतर परत आल्यावर दवाखान्याचा वास घेऊन तो त्याला ओळखायचाच नाही!

दोघांचं घर, दोघांचं जेवण

दोन सशांना दुप्पट जागा लागते, हे आईबाबांना आधीच सांगून ठेवा. तळाला नुसती जाळी नको, पाय सोलतात. फळी किंवा पोतं टाका. दोघांना लपायला दोन खोकी, प्रत्येकाला दोन दारं. म्हणजे एकानं दार अडवलं, तरी दुसरा सटकू शकतो.

मुख्य जेवण म्हणजे वाळलेलं गवत. ते दिवसभर समोर हवं, त्यानंच दात झिजतात आणि पोट चालतं. भाताचं पिंजर अंथरायला चांगलं, पण त्यानं पोषण होत नाही. कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला थोडा थोडा द्या. गाजर? चित्रातला ससा ते रोज खातो, पण त्यात साखर फार, म्हणून एखादी चकतीच. चपाती, बिस्किट, उसाचं कांडं अजिबात नको.

आपल्याकडच्या पावसात गवताला बुरशी धरते. असं गवत देऊ नका. उन्हाळ्यातच चांगली वैरण वाळवून, पोत्यात भरून माळ्यावर टाका. पेटी जमिनीपासून उंच आणि पावसाच्या सपकाऱ्यापासून दूर ठेवा. अंथरूण ओलं राहिलं, की माशा येतात आणि सशाच्या अंगावर अंडी घालतात. म्हणून पावसाळ्यात रोज शेपटीखाली पाहायचं. एप्रिल-मेमध्ये उलटी तऱ्हा. सशाला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता बाहेर टाकतो. पारा तिशीच्या वर गेला, की त्याला सावली, वारा आणि गार पाणी हवंच.

आणायचा की नाही?

पाळीव ससा आठ ते दहा वर्षं जगतो. तुम्ही आज पाचवीत असाल, तर तो म्हातारा होईल तेव्हा तुम्ही कॉलेजात असाल! म्हणून घरातल्या सगळ्यांनी एका रात्री जेवणं झाल्यावर बसा आणि या प्रश्नांची खरी खरी उत्तरं द्या :

दोघांना पुरेल एवढी जागा आहे का? जोडी जमली नाही, तर दोन वेगळ्या पेट्या कायम ठेवता येतील का? ऑपरेशनचा आणि औषधाचा खर्च झेपेल का? आम्ही गावाला गेलो, तर वैरण कोण घालणार? आणि परीक्षेच्या दिवसांत पेटी कोण साफ करणार?

एकाही प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर तूर्त थांबा. त्यात काही वाईट नाही. कापशाला मोठी जागा द्या, कुरतडायला पुठ्ठ्याची खोकी द्या, रोज संध्याकाळी तासभर जमिनीवर त्याच्याजवळ बसा. तो आपणहून तुमच्या मांडीशी येईल. ती सोबतही त्याला पुष्कळ असते.

पण सगळी उत्तरं ‘होय’ आली, तर मग अवश्य आणा! आणि कधीतरी बाहेर धो-धो पाऊस कोसळत असताना, अभ्यास करता करता सहज पेटीकडे पाहा. दोन ससे एकमेकांना टेकून डोळे मिटून बसलेले दिसतील. आता एकजण दुसऱ्याचा कान चाटेल. आणि तारेला कुणी तोंडही लावलेलं नसेल!